आप्पांची पिवळी ओळ

आमच्या नांदेडच्या ऑफिसात दोन माणसं, तीन खुर्च्या आणि कॉम्प्युटरवरची एक शीट होती. दोन माणसांपैकी एक मी, दुसरे आप्पा. तिसरी खुर्ची लातूरच्या साहेबांची. ते महिन्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस तिच्यावर आप्पांचा डबा बसायचा. आणि शीट आप्पांची. ती कंपनीची आहे असं साहेबांचं मत होतं, पण साहेबांना ती उघडता आली तरी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्या मताला फारसं वजन नव्हतं.

काम काय होतं ते सांगते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा, वसतिगृहं आणि दवाखाने यांच्या पाण्याच्या मोटारी आणि पाणी तापवायची यंत्रं चालू ठेवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडं होतं. कुठं काही बिघडलं की लोक फोन करायचे. आप्पा तो उचलायचे, शीटमध्ये एक ओळ लिहायचे आणि त्या भागातल्या फिटरला पाठवायचे. मी आले तेव्हा अशा आठशेवर ओळी साठल्या होत्या. मी पुण्याच्या एका कंपनीत दोन वर्षं काढून आले होते आणि ही गोष्ट कुणाला विसरू देत नव्हते. 'पुण्याला आमच्याकडं' अशी सुरुवात केल्याशिवाय मला साधा पंखाही लावता येत नसे.

आप्पा उदगीरचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत लिंगाची चांदीची डबी आणि खिशाला चार पेनं. कागदावर ते काहीच लिहीत नसत, तेव्हा ही चार पेनं कशासाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. टाइप करायचे ते उजव्या हाताच्या एका बोटानं. डावा हात फोनसाठी राखून ठेवलेला. एक ओळ लिहायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढ्यात पुण्याला आमच्याकडं एक मीटिंग सुरू होऊन, काहीही न ठरता, संपायची.

पहिल्या दिवशी मी आत शिरले तर ते उठून म्हणाले, "जयभीम मॅडम." मला रागच आला. पुण्यात दोन वर्षं मी सगळ्यांना नुसतं 'हाय' करत होते, आणि इथं बूट काढायच्या आधी माझं घराणं काढलं होतं. मी जरा तोऱ्यातच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या वडलांचा फोन आला व्हता, पत्ता इचारायला. ते जयभीम म्हणले, मी म्हणलो. लिहून ठिवलं," ते म्हणाले आणि शीट माझ्याकडं वळवली.

खरंच लिहून ठेवलं होतं. शीटमध्ये 'नमस्कार' नावाचा एक रकानाच होता. फोन करणारा माणूस काय म्हणतो ते त्यात लिहिलेलं: जयभीम, शरणार्थ, सलाम, राम राम, जय सेवालाल. पुढच्या वेळी त्या नंबरवरून फोन आला की आप्पा आधी तो रकाना बघत आणि मग फोन उचलत. समोरचा माणूस शिव्या देण्याच्या तयारीनं आलेला असे, पण स्वतःचाच नमस्कार समोरून आल्यावर त्याची निम्मी हवा जायची. रेणापूरच्या एका दवाखान्यातले कंपाउंडर दोन महिने आप्पांना आपल्या भावकीतले समजत होते. मी ह्या रकान्याची भरपूर थट्टा केली. आप्पा म्हणाले, "हसा की. फुकट हाय."

त्यांची दुसरी खोड याहून वरची. फिटरचा फोन यायचा, "झालं आप्पा." आप्पा "हाव" म्हणायचे आणि लगेच ज्यानं तक्रार केली त्याला फोन लावायचे. झालं का, असं विचारायचे नाहीत. म्हणायचे, "नळ सोडा. फोन नळापाशी न्या. मला आवाज येऊ द्या." मग स्पीकर चालू करून, डोळे मिटून, धर्माबादच्या नाहीतर अहमदपूरच्या कुठल्यातरी नळाचं पाणी ऐकत बसायचे. त्या वेळात ऑफिसात कुणी बोलायचं नाही, पंखाही एकवर. मोठे लोक संगीत ऐकतात तशी त्यांची मान हलायची. मी एकदा मोजलं, एका शाळेच्या टाकीला त्यांनी पावणेचार मिनिटं दिली. पुण्याला आमच्याकडं एवढा वेळ कुणी आईचा फोन ऐकत नाही.

एका हेडमास्तरांना घाई होती. त्यांनी नळाच्या ऐवजी तांब्यानं बादलीत पाणी ओतलं आणि फोन धरला. आप्पांनी डोळे उघडले. "सर, हे तांब्यातलं हाय. नळ असा मधी मधी दम खात न्हाई." हेडमास्तरांनी त्यानंतर आप्पांचा फोन स्वतः कधी उचलला नाही, शिपायाकडं द्यायला लागले.

हे सगळं कशासाठी, तर रंगासाठी. आप्पांच्या शीटमध्ये तक्रार आली की ओळ पांढरी. फिटर झालं म्हणाला की आप्पा शेऱ्याच्या रकान्यात 'झालं' लिहून ती पिवळी करायचे. आणि तिथला माणूस झालं म्हणाला, आणि तो आप्पांना ऐकू आला, की पिवळीची हिरवी. शब्द तोच राहायचा, रंग बदलायचा. मी म्हणाले, "आप्पा, ही काय रंगपंचमी?" ते म्हणाले, "पिवळं म्हंजी फिटरचा भरोसा. हिरवं म्हंजी माझा."

मी आले त्या महिन्यात सगळ्यांत जुनी पिवळी ओळ किनवटच्या पुढं जंगलातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची होती. तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा फोन आला होता की मोटारीचा बोर्ड करंट मारतोय. फिटर जाऊन आला, झालं म्हणाला. आप्पांनी मावशींना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "हाव, आला व्हता. म्हणला बटन हातानं नगा दाबू, लाटण्यानं दाबा. आता लाटण्यानं दाबून राहिले." फिटरच्या मते ही दुरुस्ती होती. आप्पांनी त्याला तीन वेळा परत पाठवलं आणि तिन्ही वेळा तो किनवटच्या चौकातूनच फोन करून "झालं आप्पा" म्हणाला.

आता पाणी ऐकता येतं, करंट कसा ऐकणार? आप्पांची सगळी विद्या इथं अडली. मावशींना हात लावून बघा म्हणायची काही सोय नव्हती. ओळ पिवळीच राहिली आणि आप्पा रोज सकाळी आधी तिच्याकडं बघायचे.

मावशी दर दोन दिवसांनी फोन करायच्या. त्यांची लेक धर्माबादला दिलेली, पहिलंच बाळंतपण, सासू नाही. दिवस भरत आले होते. "माझा पाय निघत न्हाई आप्पा," त्या स्पीकरवर म्हणायच्या, "मी हाय तोवर मीच दाबते. मी गेले की पोरी दाबतील. भांडे घासून उठतील आन ओल्या हातानं दाबतील. पोरींला किती सांगू?"

"मी झालं म्हणलो की झालं समजा," आप्पा त्यांना म्हणाले. "तवर कोणाचंबी ऐकू नका. मी म्हणलो की मंग खुशाल जा लेकीकडं."

हे बोलणं मी ऐकलं होतं. समोरच्या खुर्चीत बसून, नखं बघत.

त्याच सुमाराला साहेबांनी ट्रॅकर विकत घेतला. ट्रॅकर म्हणजे प्रत्येक तक्रारीला एक नंबर, एक जबाबदार माणूस आणि एक अवस्था देणारी वेबसाईट. अवस्था तीनच: नवीन, चालू, बंद. साहेबांना सोमवारी लातूरला मोठ्या साहेबांपुढं ह्या ट्रॅकरचे आलेख दाखवायचे होते, आणि आलेखाला तक्रारी लागतात. तेव्हा शुक्रवारपर्यंत आप्पांच्या शीटमधल्या सगळ्या ओळी ट्रॅकरमध्ये इम्पोर्ट करायच्या आणि मग शीटला कुलूप लावायचं, असा हुकूम निघाला. काम माझ्याकडं आलं. मी अशी खूश झाले की सांगता सोय नाही. पुण्याला आमच्याकडं मी हे दोनदा होताना बघितलं होतं.

आप्पा शांत होते. त्यांनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली आणि म्हणाले, "रंग बघून घ्या मॅडम."

मी त्यांना समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. शीट आधी साध्या फाईलमध्ये काढावी लागते, त्यात रंग झडतात आणि नुसता मजकूर उरतो. "ट्रॅकरला रंग कळत नाही आप्पा."

"मंग काय कळतं?"

"शब्द."

"शब्द तर फिटरबी बोलतो," आप्पा म्हणाले.

मग त्यांनीच उपाय सुचवला. ते एकेक ओळ वाचून रंग सांगतील, मी शेजारच्या रकान्यात तो शब्दात लिहावा. दोन दिवस लागतील, पण मनाला इत्मिनान राहील. उपाय बरोबर होता. पुण्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं हाच सांगितला असता, फक्त त्याचे पैसे घेतले असते. पण दोन दिवस आप्पांच्या तोंडून 'पिवळं, हिरवं, हिरवं, पिवळं' ऐकायची माझी तयारी नव्हती. मी म्हणाले, "आप्पा, जुनं किती दिवस धरून बसायचं?" ते डबा उचलून हात धुवायला गेले.

शुक्रवारी दुपारी चारला मी बसले. ट्रॅकर मोठ्या अदबीनं एकेक रकाना दाखवून विचारत होता, हा कुठं घालू? गावाचं नाव गावात, फोन फोनमध्ये. 'नमस्कार' कुठं घालायचा, त्याला जागाच नव्हती. मी 'घेऊ नको' वर टिचकी मारली. मग त्यानं शेऱ्याच्या रकान्यातले शब्द दाखवले आणि विचारलं, 'झालं' म्हणजे काय समजू? मी समोरच्या यादीतून 'बंद' निवडलं. सगळ्यात खाली एक चौकोन होता, 'संबंधितांना कळवा'. त्यात आधीपासूनच खूण होती. असली तर असू दे, म्हटलं, लोकांना कळलेलं बरं. अकरा मिनिटांत आठशे ओळी आत गेल्या, एकही चूक नाही. ट्रॅकरनं हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं. मी साहेबांना कळवलं, शीटला कुलूप लावलं आणि घरी जाताना स्वतःसाठी कुल्फी घेतली.

शनिवारी सकाळी फोन सुरू झाले. लोकांना मेसेज गेले होते, 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे', खाली आमच्या ऑफिसाचं नाव. एक जण म्हणाला, तक्रार बंद पण मोटारही बंदच आहे. मला हसू आलं. आप्पांना आलं नाही. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून शीटच्या कुलपाकडं बघत बसले होते.

अकराच्या सुमाराला मावशींचा फोन आला. आप्पांनी नमस्काराचा रकाना न बघताच उचलला, मावशींचा त्यांना पाठ होता. स्पीकरवर स्टेशनची घोषणा ऐकू येत होती.

"आप्पा, मुदखेडला उतरले. धर्माबादची गाडी यायची हाय. म्हणलं तुम्हाला सांगावं. लई उपकार झाले."

"कशाचे?" आप्पा म्हणाले.

"आवं, तुमचा मेसेज आला न्हव का. आठवीतल्या पोरीनं वाचून दाखवला. आप्पाच्या हापिसातून झालं आलं म्हंजी झालंच. फिटर आला असंल मी बाजारला गेल्यावर. रात्रीच पिशवी भरली आन सकाळच्या गाडीला बसले."

आप्पांनी विचारलं, "मोटार कोण लावणार आज?"

"पोरी लावतील की. आता काय भ्या हाय."

मी खुर्चीतून उठले ती तेव्हा. त्याआधीच उठायला हवं होतं, हे मला कळतं.

आप्पा म्हणाले, "मावशी, गाडीत बसू नका. मी दोन मिन्टात करतो," आणि फोन ठेवला. त्यांनी वसतिगृहाच्या गृहपालबाईंचा नंबर लावला. जंगलातला फोन, रेंज नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला. एरवी चार वाक्यं नमस्कारात घालवणारा हा माणूस सरळ म्हणाला, "मॅडम, मोटारीच्या बोर्डाला कोणी हात लावू नका. पायात चप्पल घाला, लाकूड घ्या आन मेनचा खटका पाडा. फोन चालू ठिवा." मागं मोटारीची घरघर ऐकू येत होती. बाईंनी कुणाला तरी हाक मारली, "अगं, थांब तिथंच, बंद नको करू." मग धावल्याचा आवाज, मग खट्ट, आणि घरघर थांबली. बाई धापा टाकत म्हणाल्या की मोटार सवयीनं लाटण्यानं लावली होती, पण टाकी भरली म्हणून एक पोरगी बटण बंद करायलाच निघाली होती, हातात ओली बादली होती. आप्पा म्हणाले, "तिचं नाव काय?" बाईंनी नाव सांगितलं. आप्पांनी ते पुटपुटून घेतलं.

मी म्हणाले, "वाचलो आप्पा. मेन बंद झालाय. आता मावशींना काही सांगायची गरज नाही, त्या निर्धास्त जाऊ देत. आपण सोमवारी फिटरला—"

आप्पांनी मावशींचा नंबर लावला, स्पीकर बंद केला आणि रिसीव्हर माझ्यापुढं धरला. "बंद तुमी केली. तुमीच सांगा."

मला वाटलं होतं ते सांभाळून घेतील. म्हातारी माणसं घेतात. मी मान हलवली, हात जोडले, तरी रिसीव्हर तिथंच. पलीकडून मावशी हॅलो हॅलो करत होत्या. शेवटी मी घेतला.

"मावशी, मी ऑफिसातली मॅडम बोलतेय. बोर्ड दुरुस्त झालेला नाही. तक्रार मी बंद केली. कुणाला न विचारता केली. आप्पांना माहीत नव्हतं."

 मागं गाडीची घोषणा चालू होती. मी घाईघाईनं मेन पाडल्याचं सांगितलं, कुणाला काही झालं नाही हेही सांगितलं.

"पोरी?" त्या म्हणाल्या.

"सगळ्या बऱ्या आहेत."

"बघितलं का तुमी?"

"नाही. फोनवर कळलं."

"हं," त्या म्हणाल्या. "हिकडं लेकीला सकाळपासून कळा सुरू झाल्यात म्हणून जावयाचा फोन हाय. तिकडं साठ पोरी हायत. तो मेन कोणीबी चढवील, पाणी संपलं की. आता तूच सांग बाई, मी कुठल्या गाडीत बसू?"

पुण्याला आमच्याकडं ह्या प्रश्नाला काय उत्तर देतात ते मला आठवेना. मी आप्पांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, मुद्दाम.

"धर्माबादच्या," मी म्हणाले. "मेनपाशी मी जाऊन बसते. आजच निघते. फिटर येऊन नवा बोर्ड बसेपर्यंत हलणार नाही."

"येतं का तुला काही?"

"नाही. बसता येतं."

फोन कट झाला. त्या कुठल्या गाडीत बसल्या ते मला त्या क्षणी कळलं नाही.

आप्पांनी ड्रॉवरमधून टेस्टर काढून माझ्या हातात दिला. तुम्ही पण चला ना, असं मी म्हणाले, तर म्हणाले, "आजून छत्तीस पिवळ्या हायत मॅडम. फोन कोण करणार?" साहेबांना मी तेव्हाच सांगितलं की शीटचं कुलूप काढून सदतीस तक्रारी परत उघडतेय. साहेबांनी विचारलं, सोमवारनंतर उघडता येणार नाहीत का. मी सांगितलं, नाही. त्यांनी आलेख कितीनं खाली येईल ते विचारलं. ते मी सांगितलं नाही.

तीन दिवस मी त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, पाडलेल्या मेनखाली स्टूल टाकून बसले. पोरी हापशाचं पाणी भरून आणायच्या आणि माझ्यासमोरून जायच्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, तुम्ही नव्या मावशी का?" मी नाही म्हणाले. "मग भाकरी येते का?" तेही नाही. ती बादली उचलून गेली. चौथ्या दिवशी फिटर आला, नवा बोर्ड बसवला आणि माझ्यासमोर उघडा हात लावून उभा राहिला. मी आप्पांना फोन केला आणि म्हणाले, "झालं आप्पा. माझ्या डोळ्यांदेखत झालं." ते म्हणाले, "हाव. पिवळं करतो."

आठवड्यानं ऑफिसात फोन वाजला. मावशी धर्माबादहून परत वसतिगृहावर पोहोचल्या होत्या. आप्पांनी स्पीकर लावला नाही. बराच वेळ ऐकत राहिले, हाव हाव करत राहिले, एकदा डोळे पुसले. मी समोर बसून सगळी फाईल उगीच वर-खाली करत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं की गाडी वेळेवर पोहोचली, मावशी हाताशी होत्या, लेकीला मुलगी झाली आणि दोघी बऱ्या आहेत. बोर्डही बरा आहे.

"माझं काही विचारलं का?" मी म्हणाले.

"न्हाई," आप्पा म्हणाले, आणि पुढच्या ओळीचा नंबर लावला.